भज्जीतले वाल

रक्त घेऊन झालं की आमच्या ताई नळीवरचं नाव दोनदा मोठ्यानं वाचायच्या आणि पेशंटला म्हणायच्या, "रक्त खोटं बोलत न्हाई. पण इचारलं तेवढंच सांगतंय."

नांदेडच्या लॅबमध्ये त्या रक्त घ्यायच्या, मी काउंटरवर रिपोर्ट द्यायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, साहेबापेक्षा त्यांचाच धाक जास्त. मी त्यांना सीबीआय म्हणायचो. तोंडावर नाही, अर्थात.

एकदा अहमदपूरकडच्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेचे ओठ दोनदा सुजले होते, दुसऱ्या वेळी तर श्वासच कोंडला होता. डॉक्टरांनी भाज्यांच्या ॲलर्जीसाठी रक्त तपासायला सांगितलं होतं. वांगं, टोमॅटो, बटाटा, गाजर, असं काय काय तपासलं. सगळं निल. मी खुशीत रिपोर्ट हातात दिला. "काही नाही निघालं, बिनधास्त खा!"

ताई आतून बाहेर आल्या. "थांबा. तरास कधी व्हतो?"

"येळवशीला," सून म्हणाली. "दोन्ही बारीला."

"काय खाल्लं व्हतं?"

सासूबाईंनी हात जोडले. "कायबी न्हाई. परसाद तेवढा."

आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतात पूजा करून भज्जी खातात. रानातल्या साऱ्या भाज्या आणि शेंगा त्या एका पातेल्यात असतात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही सासूबाईंनी भज्जीचं नाव काढलं नव्हतं. प्रसादाला नावं ठेवायची कशी? आणि येळवस तीन आठवड्यांवर आली होती. आणि मी 'बिनधास्त खा' म्हणून मोकळा झालो होतो!

ताईंनी कागद घेतला आणि भज्जीतला एकेक जिन्नस लिहून काढला. "ह्यातलं एरवी काय खात न्हाईस?"

"वाल. घरात कुणालाच आवडत न्हाईत."

उरलेलं रक्त ताईंनी फ्रीजमध्ये जपून ठेवलं होतं. डॉक्टरांना फोन करून त्यांनी वालाची तपासणी वाढवून घेतली, नमुना पुण्याला पाठवला. वालच निघाले. मी थक्क झालो. एवढी मशिनं आमच्याकडे, आणि बाईनं नुसतं विचारून काढलं!

ताईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी बसते, चांगली आहे. मला मात्र ती येळवस आठवते. सासूबाईंनी आम्हा दोघांनाही शेतात बोलावलं होतं. पातेल्यात वालाचा एक दाणा नव्हता. घरातले थोरले काका कुरकुरले, "वालाबिगर भज्जी? देवाला काय सांगावं?"

"देवाला म्या सांगते," सासूबाई म्हणाल्या. "सून ऱ्हायली तर निवद ऱ्हाईल."

सून जेवायला बसली. सगळे गप्पा मारत होते, पण ताईंच्या ताटातली भज्जी तशीच होती. सुनेनं पहिल्यांदा वाढलेली भज्जी संपवली, बोटं चाटली आणि सासूबाईंना म्हणाली, "आत्या, आणिक वाढा की."

तेव्हा कुठे ताईंनी पहिला घास घेतला.