लिफ्टवाल्यांनी टब फोडला

समजा, तुम्हाला एक टब काढायचा आहे. जुना, ओतीव लोखंडाचा, वरून पांढरा मुलामा दिलेला. बाथरूम इतकी अरुंद की दार उघडलं की ते टबालाच टेकतं. आधी तुम्ही पाण्याची चावी बंद कराल. मग भिंतीलगतचा सांधा पात्याने कापाल, खाली हात घालून निचऱ्याचा नट सोडवाल, आणि मग लक्षात येईल की हे धूड दारातून बाहेर निघणारच नाही. म्हणजे फोडायचं. ओतीव लोखंड वाकत नाही, फुटतं. म्हणून त्यावर जुनी चादर टाकायची, म्हणजे कपच्या डोळ्यात उडत नाहीत, आणि घण उचलायचा. आता आणखी एक गोष्ट समजा. तुम्ही प्रचंड चिडलेले आहात.

लिफ्टवाले त्या दिवशी तसे चिडले होते. खरं तर ते रोजच चिडलेले असत. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून हे नाव, आणि अडकलेल्या लिफ्टमधून सुटका झालेली माणसं आभार मानायच्या आधीच त्यांच्या शिव्या खात. "सहाच माणसं, असं लिहिलंय ना वर? वाचता येतं ना? की नुसतं कोंबायचं?" घरीही तेच. दार जोरात लागलं की चिडायचे आणि हळू लागलं की नीट लागलं नाही म्हणून चिडायचे.

त्यांची बायको बटणं आणि चेनी विकणाऱ्या दुकानात काउंटरवर होती. तिचं या रागावर एकच उत्तर असे. पडदे निळे आणू? चालेल. तुझ्या बहिणीला पुढच्या महिन्यात बोलावू? चालेल. लिफ्टवाले चारचौघांत कौतुकाने सांगत, "आमच्याकडे भांडणच नाही."

एकच गोष्ट ती कुणाला न विचारता करी. सुट्टीच्या दुपारी टब भरायचा आणि आतून कडी लावून घ्यायची. दोन खोल्यांच्या त्या घरात आतून कडी असलेलं तेवढं एकच दार होतं. थोडा वेळ गेला की लिफ्टवाले त्या दारावर थाप मारत. "आत तासभर करतेस काय? बुडालीस की काय?" आतून फक्त पाणी हलल्याचा आवाज येई. ते स्वतः टबात उभं राहून, बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेऊन पाच मिनिटांत बाहेर येत. पाण्यात लोळत पडणं हा त्यांच्या मते आळशीपणाचा कळस होता.

गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. मागे एकच राहिला. चालेल.

तेव्हापासून आंघोळ लिफ्टवाले घालत. दहा-दहा मजले माणसं वर चढवलेल्या त्या माणसाला टबाची गुडघाभर कड भारी पडू लागली. तिला उचलायचं, पाय आत घ्यायचे, हळूच खाली टेकवायचं. पाण्यात बसली की तिची मान मागे कलायची. ते खेकसायचे, "मान सरळ ठेव गं, कितीदा सांगू!" आणि हाताने सरळ करायचे. मान पुन्हा मागे जायची.

मागच्या आठवड्यात दोघंही घसरले. तिची नडगी कडेवर सोलवटली. रक्त बघून लिफ्टवाल्यांनी टबालाच लाथ घातली, आपलाच अंगठा सुजवून घेतला आणि ओरडले, "काढून टाकू का हा?"

"चालेल," ती म्हणाली. विषय संपला.

फिटर आला, टेप लावून मापं घेतली. "काका, शॉवर बसवू. जमिनीला उतार देऊ, बसायला खुर्ची ठेवू, भिंतीला दांडा. पण टब काय जबरदस्त आहे हो! असला आता मिळत नाही."

"मग ने की तुझ्या घरी! डोक्यावर घेऊन जा!"

"रागावू नका काका. फोडायला परवा माणसं पाठवतो."

"परवा? आणि तोवर हिला काय गॅलरीत आंघोळ घालू? राहू दे. फोडतो मी. तू नंतर ये."

मुलगी एक्स-रे काढायच्या कामाला होती. ती रजा टाकून आली तेव्हा बाप घण शोधत होता.

"बाबा, आईला विचारलंत?"

"विचारलं तर! चालेल म्हणाली."

"अहो, आता घराचं छप्पर उडवू का विचारलं तरी ती चालेलच म्हणेल!"

"मग? आधीपण तेच म्हणायची!"

"हो ना," मुलगी म्हणाली. "आधीपण."

लिफ्टवाल्यांना काही सुचलं नाही की राग दुप्पट येई. ते आत गेले, चादर टाकली आणि घण घातला. पहिला घाव घसरला. दुसऱ्या घावाला मुलामा तडकला. मग फिटरच्या नावाने एक, मुलीच्या नावाने एक, त्या मेल्या कडेच्या नावाने चार. पायाकडचा कोपरा धाडकन फुटून लादीवर पडला आणि त्यांचा दम संपला. बसायला दुसरी जागाच नव्हती. चादर बाजूला सारून ते टबातच बसले आणि पाठ मागे टेकली.

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच टबात बसले होते. वर झरोका होता. उभं राहिलं की त्यातून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसत, एवढंच त्यांना माहीत होतं. खालून मात्र पाइप दिसतच नव्हते. नुसतं आकाश होतं, आणि त्यात कुणाच्या तरी गच्चीवरच्या झाडाचा हलणारा शेंडा. पण तो बघायला मान मागे टाकावी लागत होती.

ते तडक बाहेर आले. केसांत पांढरा भुगा, हातात घण.

"अगं, टब ठेवायचा होता का तुला?"

"चालेल."

"काढायचा होता?"

"चालेल."

"नको म्हण ना एकदा! एकदा तरी नको म्हण!" त्यांचा आवाज शेजारी गेला असणार. मुलगी मध्ये पडली, "बाबा, पुरे!" बायकोने घणाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली, जरा हळू.

फुटलेल्या टबात पाणी राहत नाही. राहिलं असतं तरी तिला उचलणं त्यांना झेपत नव्हतंच. फिटरने काम चोख केलं, थेंबभर पाणी साचत नव्हतं. लिफ्टवाले त्याच्यावरही ओरडले, "ही खुर्ची खाली घे! पार जमिनीला टेकव!" तो म्हणाला, "काका, मग काकूंना उठवाल कसं?" बरोबर होतं त्याचं. म्हणून तर आणखी राग आला.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. ना उचलणं, ना घसरणं. कोमट पाणी तिच्या खांद्यावर सोडलं. सवयीने तिची मान मागे गेली. त्यांचा हात पुढे झाला आणि थांबला. ते तिच्या शेजारी वाकले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आले, मान मागे टाकून वर पाहिलं. झरोक्यात पाइप होते.

पाणी वाहत राहिलं. इतकी वर्षं दारावर थापा मारून विचारलेलं त्यांनी पुन्हा विचारलं, पण या वेळी मध्ये दार नव्हतं.

"आत तासभर तू करायचीस काय गं?"