वहिनींची सरासरी

इंग्लंडमधले स्पीडवेवाले दर हिवाळ्यात एकत्र बसून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात. इतका नेमाने केलेला मूर्खपणा मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिला नाही, एक आमचं मराठी मंडळ सोडलं तर. आणि मंडळाने तरी तो स्वतः कुठे शोधला? तिकडूनच आणला. आणणारा माझा नवरा.

कॅनडात येण्याआधी त्याच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने आम्ही दोनेक वर्षं इंग्लंडच्या एका लहानशा गावात राहिलो. गावात बघण्यासारखं काही नव्हतं. आमचा घरमालक एका संध्याकाळी आम्हाला स्पीडवे बघायला घेऊन गेला, आणि नवरा त्यात जो अडकला तो आजतागायत सुटलेला नाही. खेळ साधा आहे. चार मोटारसायकली, ब्रेक नाही, गियर एकच, मातीचा लंबगोल ट्रॅक, चार फेऱ्या. मिनिटभरात सगळं आटोपतं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. अशा पंधरा शर्यती, दोन संघांत. वळणावर गाड्या आडव्या होत, तांबडी माती उडून आमच्या केसांत आणि चहात पडे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आवडत नव्हते ते नियम. प्रत्येक रायडरची एक सरासरी असते. एका सामन्यात वाट्याला आलेल्या चारही शर्यती जिंकणाऱ्याची बारा, मग तिथून खाली. संघ बांधताना सातही जणांच्या सरासऱ्यांची बेरीज एका मर्यादेच्या आत बसवावी लागते. ही मर्यादा दर हिवाळ्यात क्लबांचे मालक दार लावून ठरवतात, आणि एका वर्षीची दुसऱ्या वर्षी टिकेल याची खात्री नाही. हेतू उदात्त. सगळे संघ तुल्यबळ व्हावेत. प्रत्यक्षात काय होतं, तर मोसमभर राबून जो सुधारतो त्याची सरासरी वाढते, बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि कुणाला तरी नारळ द्यावा लागतो. वरच्या हिरोला कोणी हात लावत नाही, कारण तिकिटं त्याच्यावर खपतात. तळातला बेरजेत जागा खात नाही. मग उरतो तो खालून वर चढलेला. आमच्या गावच्या संघात असा एक लाजाळू रायडर होता. उन्हाळाभर तो दर आठवड्याला थोडा पुढे येत गेला आणि हिवाळ्यात त्याला काढलं. मी चिडले तर नवरा मालकांची बाजू घेऊन मला समजावत बसला, “अगं, त्याला team building म्हणतात.”

त्यात आणखी गंमती होत्या. हरत असलेल्या संघाने एका रायडरला काळं-पांढरं हेल्मेट घालून पाठवायचं, म्हणजे त्याचे गुण दुप्पट. नापास होणाऱ्या मुलाचे मार्क दुपटीने मोजावेत तसा प्रकार. एका वर्षी हा नियम असा, पुढच्या वर्षी तसा. माझा नवरा प्रत्येक बदल भक्तिभावाने वाचायचा. घरातल्या विजेच्या बिलाकडे त्याने तितकं लक्ष दिल्याचं मला आठवत नाही.

मग आम्ही मिल्टनला आलो. नवी वसाहत, एकसारखी घरं, गराज पुढे आणि माणसं मागे. नवरा पहाटेच्या ट्रेनने टोरांटोला जायचा. माझं ऑफिस मिसिसागाला, म्हणून बर्फ असो, पाऊस असो, हायवेवर गाडी मी चालवायची. घरातली खरी ड्रायव्हर मी होते, पण ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. माझ्यासुद्धा नाही.

मंडळाच्या पुरुषांना संक्रांत उरकली की पाडव्यापर्यंत काही काम नसे. एका हिवाळ्यात कुणाच्या तरी ऑफिसची सहल हायवेजवळच्या इनडोअर गो-कार्टिंगला गेली आणि त्यातून आमच्या मंडळाची लीग निघाली. दर शनिवारी दुपारी एका गोदामवजा शेडमध्ये, पेट्रोलच्या वासात, पोटं सुटलेले सॉफ्टवेअर इंजिनियर छोट्या गाड्यांत कोंबून बसायचे. एका शर्यतीत चार गाड्या. चार म्हटल्यावर माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. तीन, दोन, एक, भोपळा ही गुणांची पद्धत त्याने लगेच बसवून टाकली.

पहिल्या वर्षी दोन तरणेताठे पुणेकर असलेला संघ सगळं जिंकून गेला. बाकीचे रुसले. आमचे अध्यक्ष एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर, स्लाइड दाखवल्याशिवाय चहासुद्धा न मागणारे. त्यांनी बेसमेंटमध्ये बैठक बोलावली. तिथे माझ्या नवऱ्याने प्रोजेक्टर लावून इंग्लंडची ती सरासरीची मर्यादा समजावून सांगितली. ज्या नियमाने तिकडच्या खेळाची दर वर्षी मोडतोड होते, तो नियम इकडे टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आता प्रत्येक संघाला कमी सरासरीची माणसं हवी झाली. कमी सरासरीची माणसं कुठे मिळतात? घरात. तोवर शेडच्या कोपऱ्यात सँडविचचे डबे सांभाळणाऱ्या बायकांना एकदम भाव आला. नवीन बाईची सरासरी दोन धरायची असं ठरलं. ती गाडीत बसण्याआधीच दोन. का दोन, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते पटलेलंच होतं. नवरा एका संघाचा कप्तान होता. त्याने मला भरतीला घेतलं आणि सूचना दिली, “तू फक्त finish कर. कोणाला धडकू नकोस.”

पहिल्या शनिवारी मी शेवटची आले. दुसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की हे सगळे वाघ प्रत्येक वळणावर घाबरून ब्रेक दाबतात आणि मग चूक भरून काढायला गॅस ठोकतात. बर्फाच्या हायवेवर असं करणारा माणूस खड्ड्यात जातो. मी ब्रेकला हात लावणं, म्हणजे पाय लावणं, सोडून दिलं. वळणाच्या आधीच वेग थोडा सोडायचा आणि वळणाकडे न बघता पुढच्या सरळ भागाकडे बघायचं. हे मी इंग्लंडमधल्या त्या पोरांकडून पाहून शिकले होते. माझा नवरा तिथे सरासऱ्या मोजत होता तेव्हा मी शर्यत बघत होते.

मी जिंकायला लागले. पहिल्यांदा जिंकले तेव्हा सगळे कौतुकाने हसले. तिसऱ्यांदा जिंकले तेव्हा कारणं सुरू झाली. “वहिनी हलक्या आहेत ना, त्यामुळे advantage मिळतो.” माझं तेव्हाचं वजन मी इथे लिहिणार नाही, पण मला हलकी म्हणणं हा वजनकाट्याचा अपमान होता. मग “वहिनींना आज चांगली गाडी लागली” असं झालं. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम ती खडखडणारी, कुणालाच नको असलेली गाडी मागून घेतली आणि तिच्यावर जिंकले. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “ट्रॅक आज slow होता.” तो ट्रॅक त्यांच्यासाठीही तोच होता, पण बँकेत हे शिकवत नसावेत.

हसण्यावारी सांगते आहे, पण मला ते वेड लागलं होतं. चाळिशीला टेकल्यावर माणसाला काही नवीन येतं, चांगलं येतं, आणि ते आपल्या हातांना येतं, याचा आनंद काय असतो ते मी सांगू शकत नाही. हेल्मेट घातलं की मी कुणाची वहिनी नव्हते, कुणाची आई नव्हते. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधताना मी मनातल्या मनात वळणं घेत असे. मला कप नको होता. पुढच्या वर्षी संघात माझी जागा हवी होती, एवढंच.

मोसमाच्या शेवटच्या शनिवारी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते, नवरा शेजारी, मागे मुलगी. कप आमच्या संघाचाच होणार हे आधीच्या आठवड्यात पक्कं झालं होतं. नवरा फोनवर आकडेमोड करत होता.

“ऐक ना,” तो म्हणाला. “आज जिंकलीस तर तुझी average आठच्या वर जाते. मग next year आपली टीम limit मध्ये बसत नाही. शेवटच्या दोन heats ना, थोडं lift कर, गॅसवरचा पाय जरा उचल.”

“म्हणजे हरू?”

“हरू नाही गं. Manage करायचं. तिकडे सगळे करतात असं बोलतात.”

“That’s cheating, Baba,” मागून मुलगी म्हणाली.

“It’s strategy, बाळा.”

“आणि मी नाही lift केलं तर?” मी विचारलं.

“तर कोणाला तरी drop करावं लागेल.”

“कोणाला?”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर गोदामं आणि मळकट बर्फाचे ढीग याखेरीज काही नव्हतं. “Practically बोलायचं तर, तुला. दुसऱ्या कोणाला काढलं तर त्याला वाईट वाटेल.”

मला वाईट वाटणार नाही हे तो धरूनच चालला होता. मला इतका राग आला की एक्झिट जवळजवळ चुकली. त्या दुपारी मी दोन्ही शर्यती जिंकले. शेवटच्या शर्यतीत अध्यक्ष माझ्या पुढे होते. तिसऱ्या फेरीत त्यांनी नेहमीप्रमाणे वळणावर ब्रेक दाबला आणि मी आतल्या बाजूने निघून गेले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर नवरा फोनवर पुन्हा पुन्हा तीच बेरीज करत राहिला, आणि मी सुखाने गाडी चालवली.

पुढचे काही आठवडे तो अध्यक्षांशी फोनवर दबक्या आवाजात बोलायचा. मी समजले, मला नारळ मिळणार. मनाची तयारीही केली. काढतील तर काढोत. पण मी चांगली झाले म्हणून काढतील, निदान तेवढं तरी माझ्या पदरात पडेल. त्या लाजाळू पोराला तेवढं तरी मिळालं होतं.

मंडळाची वार्षिक बैठक अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये झाली. साबुदाण्याची खिचडी झाली, जमाखर्च झाला, मग लीगचा विषय निघाला. अध्यक्षांनी स्लाइड लावली.

“यंदा आपल्या वहिनींनी धमाल केली,” ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “आता rule चा problem असा, की त्या इतक्या छान खेळल्या म्हणून त्यांना टीमबाहेर बसावं लागेल. हे fair आहे का? नाही. म्हणून आम्ही दोघांनी एक proposal आणलंय. From next season, सगळ्या ladies ची average दोन fixed. जिंका, हरा, दोनच. No tension.”

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. माझ्या शेजारची माझा हात दाबून म्हणाली, “बरं झालं गं, आता जीव टांगणीला नाही.” ती मनापासून बोलत होती.

मी उठून उभी राहिले. “मग मी जिंकले त्याचं काय?”

“Points टीमला मिळतीलच की वहिनी,” अध्यक्ष म्हणाले. “फक्त तुमच्या नावावर average चढणार नाही. तुमचा फायदाच आहे.”

“मला माझी आठ हवी आहे,” मी म्हटलं. “मी ती मिळवली आहे. त्यासाठी बाहेर बसवणार असाल तर बसेन.”

कुणीतरी हसलं. अध्यक्षांना मी विनोद केला असं वाटलं असावं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं. “वहिनी, sportingly घ्या,” ते म्हणाले, आणि मतदान पुकारलं. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.

पहिला हात माझ्या नवऱ्याचा वर गेला. मग एकेक करत सगळ्या बेसमेंटचे गेले, बायकांचेही. तो हात वर ठेवून वळून माझ्याकडे बघत होता आणि हसत होता. वाढदिवसाला खोका हातात देऊन “उघड” म्हणताना हसतो तसा. त्यासाठी तो कित्येक आठवडे झटला होता, अध्यक्षांना पटवलं होतं, मला संघात ठेवायची वाट काढली होती. आपण माझ्या बाजूने हात वर केला आहे, असं त्याला खरोखरच वाटत होतं.