उंदराच्या हिरडीतली पांढरी फट

जबलपूरच्या एका दंत महाविद्यालयात मी एमडीएस करत होते. माझं काम उंदरांच्या हिरड्यांवर होतं. उंदराचा पुढचा दात जन्मभर वाढत, वर सरकत राहतो, तरी हिरडीतल्या पेशींची नाजूक पट्टी त्याला सोडत नाही. ती पकड कशी असते ते मला पाहायचं होतं.

एकदा विभागप्रमुखांनी वर्गात माझीच स्लाइड पडद्यावर लावली. हिरडी आणि दाताच्या मधे पांढरी फट दिसत होती. "देखिए, मसूड़ा छूट गया. बीमारी है."

मी उठले. म्हटलं, सर, तिथे इनॅमल होतं, दाताचं कडक कवच. कापण्याआधी दात मऊ करायला आपण ॲसिडमध्ये ठेवतो, त्यात ते विरघळतं. उरते ती रिकामी जागा. हिरडी सुटलेली नाही.

"बैठ जाइए, मैडम. चूहों की डॉक्टर!"

सगळा वर्ग हसला.

शहरातच चेरीतालला आमचं घर. तिथे आले तर आई म्हणाली, "काहून जेवून नाही राहिली?" सगळं सांगितलं. ती चिडलीच. "अन् तू चूप बसली?"

मग मी ॲसिड न वापरता एक दात हिरडीसकट, काचेसारख्या कडक होणाऱ्या रेझिनमध्ये बसवला, कापला आणि घासत राहिले. बोटांची टोकं सोलून निघाली. अखेर काप इतका पातळ झाला की उजेड आरपार जाऊ लागला. इनॅमल जागच्या जागी होतं आणि हिरडी त्याला घट्ट बिलगलेली. फट नव्हतीच.

सरांनी स्लाइड पाहिली. "अच्छा, चलो," एवढंच म्हणाले. पुढच्या तासाला तीच पडद्यावर लावून सांगतात, "मैं तो हमेशा कहता हूँ, वो गैप इनैमल का है."

हमेशा! माझं डोकंच फिरलं.

"सर, यही मैंने कहा था. आपने मुझे बिठा दिया था."

या वेळी कोणी हसलं नाही. सर पडद्याकडेच बघत म्हणाले, "हाँ, कहा था," आणि पुढे शिकवू लागले. चुकलो, हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

या कामावरचा लेख छापायला जायच्या वेळी त्यांनी स्वतःचं नाव पहिलं घातलं. मी संमतीची सही दिली नाही. कितीतरी दिवस लेख पडून राहिला. माझं नाव वर गेलं तेव्हाच मी सही केली.

लोक म्हणतात, झालं ना मनासारखं, आता सोड. हक्काचं होतं तेच भांडून घ्यावं लागलं, त्यात मनासारखं काय झालं?