पिळायच्या चादरी

हमरापूरच्या कारखान्यांत गणपती घडवणारे हात पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी करणारे हात थोडेच. वनिता त्यातली. मूर्ती कितीही देखणी असो, डोळा चुकला की गिऱ्हाईक तिला हात लावत नाही, म्हणून वनिताच्या मनगटाला कारखान्यात मान होता. घरी त्याच मनगटाला कोण विचारतो? सासू धोंडुबाई पाय घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाटेवर होती आणि तिच्या ओल्या चादरी धुवून पिळायचं काम सुनेकडे होतं. जाड चादर पिळली की मनगट ठणकायचं. ठणकत्या मनगटाने ब्रश धरला की भुवईची रेघ थरथरायची. कारखान्याचा मालक दत्ता एकदा मागे उभा राहून नुसता बघून गेला. त्या बघण्याचीच तिला धास्ती बसली. आखणी गेली की उरतं ते अंगाला रंग मारायचं काम, आणि ते कुणीही करतं.

म्हणून वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं, ड्रायरवालं. नवरा रमेश रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा, त्याच्या ओळखीच्या कमळाकरशेठचं दुकान रोह्याला, पूल ओलांडून अष्टमीत. जवळच्या पेणमध्ये दुकानांचा काय दुष्काळ होता? पण रमेशला ओळखीचं दुकान म्हणजे देऊळच. मशीन टेम्पोतून घरी आलं. नवी वस्तू आली की तिला कुंकवाचं बोट लावायचं, नारळ फोडायचा, ही रीत सगळ्यांचीच. पण वनिता पडली रंगात हात असलेली. कुंकू काय, ओलं फडकं फिरवलं की गेलं. तिने कारखान्यातला लाल ऑइल पेंट आणला आणि झाकणावर असं सुबक स्वस्तिक काढलं की शेजारणी बघायला आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण पहिल्याच धुण्याला कळलं, ड्रायर फिरतच नाही. बटण दाबलं की नुसता गुरगुरतो. मशीन धुवायचं झकास, पण पिळायचं काम जिथल्या तिथे, आणि पिळण्यासाठीच तर ते आणलेलं. वनिता कामाचा खाडा करून रोह्याला गेली. शेठने तिच्या मोबाईलवरचा मशीनचा फोटो बोटांनी मोठा केला.

"वहिनी, हे काय रंगवलंत?"

"पूजा केली. स्वस्तिक हाय."

"मग झालं. रंग लावलेला माल कंपनी परत घेत नाय. माझ्या हातात काय हाय?"

"शेठ, ड्रायर फिरत नाय, त्याला रंगाचं काय?"

"ते मला नका सांगू. आधी रंग काढा, मग बघू."

घरी येऊन तिने देवाची माफी मागितली आणि थिनरने स्वस्तिक पुसलं. रंगाबरोबर झाकणाची चकाकीही गेली, पांढरट डाग पडला. पुढच्या खेपेला नवा फोटो बघून शेठ म्हणाला, "आता तर तुम्ही झाकणच खराब केलंत." चोराच्या उलट्या बोंबा, त्याही गोड आवाजात.

रमेशला ती म्हणाली, तू बोल. तो म्हणाला, "ओळखीतला माणूस हाय गो, तोंड कसं टाकू?" मग खेटे घालायचे तिनेच. पेणच्या स्टँडवर एसटीची वाट बघायची, नागोठण्याला गाडी रेंगाळली की बाहेर बघत बसायचं, दुकानात फ्रीजच्या रांगेपाशी उभं राहायचं आणि "शेठ बाहेर गेलेत" ऐकून मागे फिरायचं. पुढे पुढे तिला रागही येईना, नुसता शीण. अशा दुकानदारांना हेच हवं असतं. गिऱ्हाईक भांडून हरत नाही, दमून हरतं.

या सगळ्यात एकच गोष्ट बरी चालली होती. चादरी कमी भिजायला लागल्या होत्या. सकाळी हात लावावा तर कितीदा कोरडी. म्हातारीला आराम पडतोय, असं म्हणून वनिताने सुटकेचा निःश्वास टाकला. म्हातारीचे ओठ फुटले होते, लघवीला जळजळ होतेय म्हणायची. उन्हाळा आहे, म्हणून वनिताने तिकडे लक्ष दिलं नाही. दमलेल्या माणसाला चांगली गोष्ट तपासून बघायचं त्राण नसतं.

शेवटी कारखान्यातल्या दर्शनाने ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून दिला. वनिताने थिनरसकट सगळं खरं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी कंपनीचा माणूस आला, मशीनची मागची बाजू उघडली आणि म्हणाला, मोटर मुळातच खराब आहे, रंगाचा काही संबंध नाही. मग शेठला मशीन बदलून द्यावं लागलं. टेम्पोवाल्याबरोबर त्याने निरोपही धाडला, "उगाच तक्रार केलीत वहिनी, मी देणारच होतो." वनिताने तो ऐकून घेतला.

मोरीजवळ नवं मशीन लागलं. ड्रायर घरघरला आणि खरंच फिरायला लागला. वनिता त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. आतल्या खाटेवरून धोंडुबाईने हाक मारली.

"वनिता, फिरतो काय गो?"

"फिरतो, आये."

"हातान पिळाया नको ना आता?"

"नको. नुसती वाळत घालायची."

म्हातारीने ओठांवरून जीभ फिरवली.

"मंग वाईच पाणी दे. तांब्याभर दे. लय दिस झाले, पोटभर प्यायले नाय."

वनिताला ते फुटलेले ओठ आठवले, त्या कोरड्या चादरी आठवल्या, आणि त्या कोरड्या लागल्या म्हणून झालेला आपला आनंद आठवून तिला स्वतःची लाज वाटली. तिने तांब्या भरून आणला, म्हातारीची मान हातावर घेतली. धोंडुबाई घटाघटा प्यायली. थोडं पाणी हनुवटीवरून धुतल्या चादरीवर सांडलं, तशी ती थांबली आणि सुनेच्या तोंडाकडे भीतभीत बघू लागली.

"सांडू दे, आये," वनिता म्हणाली आणि तिने तांब्या पुन्हा म्हातारीच्या ओठांना लावला.