उन्हात वाळत घातलेलं घड्याळ

मी गणिताची बाई. कर्वेनगरातल्या निम्म्या पोरांचे कान मी पिळलेले आहेत. तरी माझ्या पोटच्या मुलाने मला एक मनगटी घड्याळ आणून दिलं, का, तर म्हणे आईला साडेतीन तास मिळवता येत नाहीत.

त्याचं असं झालं. तो कॉम्प्युटरमधला. हिंजवडीच्या कंपनीने त्याला जपानला पाठवलेलं. तिथली वेळ आपल्यापुढे साडेतीन तास, हे मला पाठ होतं. पण रात्रीची भांडी आवरून, दूध विरजून एकदा फोनपाशी बसलं की कोणाच्या लक्षात राहतात साडेतीन? दोन-तीनदा मी त्याला ऐन झोपेतून उठवलं. शेवटच्या खेपेला तो वैतागला. म्हणाला, "आई, फोन करण्याआधी इथे किती वाजलेत ते बघत जा ना जरा." मीही तडकले. म्हटलं, आईने काय मुहूर्त काढून फोन करायचा का? आणि ठेवून दिला.

मग गणपतीत आला तो घड्याळ घेऊनच. काळ्या तबकडीचं, काट्यांचं. सेल नाही, चावी नाही, उजेडावर चालणारं. शिवाय रोज रात्री ते म्हणे आपल्या आपण तिथल्या एका टॉवरकडून रेडिओवर वेळ विचारून घेतं, त्यामुळे सेकंदाचाही फरक पडत नाही. "मला कशाला एवढं?" मी म्हटलं. तो म्हणाला, "आई, यात माझे वाजतात. हे बघायचं आणि मग फोन करायचा."

निघायच्या दिवशी त्याने परत सगळं दाखवायला घेतलं. मी त्याच्या बॅगेत मेतकूट आणि लसणीच्या चटणीच्या पुड्या कोंबत होते. माझं निम्मं लक्ष वजनाच्या काट्याकडे. तो सांगत होता, "हे रोज उजेडात राहिलं पाहिजे. हातात घालत जा म्हणजे झालं. आणि हे खालचं बटण दाबून धरलं की ते टॉवरला वेळ विचारतं. मिळाली तर सेकंदकाटा या ओकेवर जाऊन थांबतो. पुण्यात मात्र..." आणि कुकरची शिट्टी झाली. मी आत पळाले. बाहेर आले तेव्हा रिक्षा आलेली होती.

तो गेला आणि मी ते घड्याळ डबीसकट लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिलं. एक तर राग होताच. गणिताच्या बाईला मिळवणी शिकवतो म्हणजे काय! आणि दुसरं म्हणजे महागाची परदेशी वस्तू, ती काय घालून भाजी चिरायची? चांगली वस्तू जपून ठेवायची असते, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं आहे. कोणाच्या लग्नाकार्याला घालू, असं मनाशी म्हणून मी कपाटाला किल्ली लावली.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी यांनी टीव्ही लावला आणि मला नुसती हाक मारली. मी हातातलं टाकून बाहेर धावले. पडद्यावर समुद्र शेतांतून चालत निघाला होता. काळं पाणी, त्यात गाड्या, घरं, होड्या, सगळं एकमेकांवर आपटत चाललेलं. खाली जपानच्या त्याच भागाचं नाव, जिथे आमचा मुलगा राहायचा. समुद्रापासून लांब राहतो मी, असं तो म्हणाला होता. किती लांब, ते मी कधी विचारलं नव्हतं.

हे फोन फिरवत राहिले. लागेना. नुसतं कुठल्यातरी बाईचं जपानी बोलणं आणि मग टूंटूं. कंपनीत केला, तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, माहिती मिळाली की कळवू. मी यांना म्हटलं, अहो, तिकडे आता किती वाजले असतील? रात्र झाली असेल का? थंडी असेल का? हे म्हणाले, "तूच सांग ना." आणि मला सांगता येईना. आयुष्यभर फळ्यावर गणितं सोडवली, पण त्या क्षणी साडेतीन मिळवायचे की वजा करायचे तेच सुचेना. तेव्हा कपाटातलं घड्याळ आठवलं. यात माझे वाजतात, म्हणाला होता.

किल्ली लावली, शालू उपसला, डबी उघडली. घड्याळ बंद होतं.

मी नवस-सायास करणाऱ्यातली नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराची घाई बघून बाजूला होणारी बाई आहे मी. पण ते थांबलेले काटे बघून मी घड्याळ कानाशी धरून हलवत राहिले. माझे वाजतात म्हणाला होता, आणि त्याचे वाजायचे थांबले होते. ह्यापुढे मला दुसरं काही सुचेचना. घड्याळ चालू झालं पाहिजे, एवढंच डोक्यात घेतलं. ते चालू झालं तर तो आहे. यांना हे सांगितलं नाही, सांगितलं असतं तर यांनी माझ्याकडे बघितलं असतं फक्त, आणि ते मला सहन झालं नसतं.

ती रात्र कशीबशी काढली. सकाळी दुकान उघडता उघडता मी बुधवार पेठेत घड्याळवाल्यापुढे उभी. म्हटलं, सेल घाला यात, लगेच. त्याने घड्याळ उलटंपालटं केलं, डोळ्याला भिंग लावलं, काढलं.

"याला सेल बदलायचा नसतो. हे उन्हावर चालतं. कुठे ठेवलं होतं?"

"कपाटात."

"अस्सं. कपाटात ऊन कितीसं येतं आपल्याकडे?"

एरवी मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. त्या दिवशी नुसतं विचारलं, "चालू होईल ना पण?"

"बरेच महिने अंधारात आहे. उन्हात ठेवा. झालं तर होईल."

"झालं तर म्हणजे? मला घाई आहे हो."

"मग सूर्याला सांगा," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या डोक्यावरच्या टीव्हीत तीच लाट पुन्हा येत होती. मी घड्याळ मुठीत धरून रिक्षात बसले आणि सबंध रस्ताभर ती मूठ रिक्षाच्या बाहेर, उन्हात धरली. रिक्षावाला म्हणाला, हात आत घ्या बाई, बस घासून जाईल. जाऊ दे, म्हटलं.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या कुरडया आणि पापड या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले. मी स्टीलच्या ताटलीत ओलं फडकं घातलं, घड्याळ तापून बिघडू नये म्हणून, त्यावर ते ठेवलं आणि छत्री घेऊन शेजारी बसले. छत्री मला, ऊन त्याला. थोड्या वेळाने त्या बाई काठी घेऊन कावळे हाकायला वर आल्या. लांबूनच म्हणाल्या, "तुम्ही काय वाळत घातलंत?"

"घड्याळ," मी म्हटलं.

त्या हसायला गेल्या आणि थांबल्या. माझा मुलगा कुठे असतो ते त्यांना ठाऊक होतं. मला वाटलं आता म्हणतील, देवावर सोडा, दगडूशेठला नारळ ठेवा. त्या मात्र एक पाट ओढून माझ्याजवळ बसल्या आणि माझ्याही ताटलीवरचे कावळे हाकत राहिल्या. एरवी पाण्याच्या पाळीवरून आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत नसू.

डोक्यावर ऊन आलं तरी काटा हलेना. मी त्याचं बोलणं आठवत बसले. मेतकुटाच्या पुड्या, वजनाचा काटा, त्याच्या शर्टाची बाही, सगळं आठवलं. त्याचे शब्द तेवढे तुटक आठवत होते. सोबतची पुस्तिका जपानीत. तिच्यातली चित्रं बघून एकेक शब्द लावत गेले. उजेडात राहिलं पाहिजे, हा सूर्य. खालचं बटण, हे बोट. टॉवर, हा मनोरा. त्याचा आवाज कानात आणायचा प्रयत्न केला, तर आवाजच येईना. तेव्हा मात्र मी भ्याले.

दुपार कलायला लागली आणि सेकंदकाट्याने उडी मारली. दोन घरं एकदम. मग थांबला. मग परत दोन घरं. शेजारी बसलेल्या त्या बाई म्हणाल्या, "चाललं हो." मी ताटलीतून घड्याळ उचललं, ऊन ऊन होतं. वेळ चुकीचीच दाखवत होतं, पण चालत होतं. अंगठ्याने खालचं बटण दाबून धरलं. विचार, म्हटलं त्याला, विचार तुझ्या टॉवरला.

काटा सरसर फिरला आणि एका जागी उभा राहिला. मी ओके शोधत होते. वाट बघितली, किती कोण जाणे. शेवटी तो पुन्हा सरकला आणि जाऊन थांबला तो बारीक अक्षरांतल्या नोवर. परत दाबलं. परत नो. छत्री उडून पापडांवर पडली, तिचं भान नाही, मी आपली दाबतेय. दर वेळी तेच. मग मात्र माझा बांध फुटला. गच्चीवर, उन्हात, शेजारणीसमोर मी मोठमोठ्याने रडले. नाही म्हणतंय ते, नाही म्हणतंय, एवढंच बोलत होते.

त्या बाईच यांना बोलवायला धावल्या असणार. हे धापा टाकत वर आले. मी घड्याळ यांच्यापुढे धरलं. म्हटलं, बघा ना, विचारलं तर नाही म्हणतंय.

यांनी ते माझ्या हातातून घेऊन बघितलं. मग म्हणाले, "अगं, पुण्यात मात्र तो सिग्नल पोचत नाही."

"काय म्हणालात?"

"तो म्हणाला होता ना, निघताना. पुण्यात मात्र टॉवरचा सिग्नल पोचत नाही, तिथे बटण दाबलं तर नेहमी नोच येणार, घाबरू नकोस, हाताने वेळ लाव. तू कुकर बंद करायला गेली होतीस. मला सांगून गेला, आईला सांगा म्हणून. राहिलं."

घाबरू नकोस, म्हणाला होता. माझ्यासाठी म्हणाला होता, आणि ते इतके महिने यांच्या खिशात पडून होतं. एरवी मी यांना सोडलं नसतं. त्या वेळी म्हटलं, परत सांगा. यांनी परत सांगितलं, शब्दन् शब्द.

मग हे माझ्याजवळ पापडांच्या कडेला बसले. घड्याळाच्या बाजूची खुंटी ओढून बाहेर काढली. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं, चार वाजत होते. आणि विचारलं, "कुठली लावू? इकडची की तिकडची?"

एवढं बोलताना यांचा आवाज चिरकला. तेव्हा मला कळलं की कालपासून हा माणूस काय दाबून बसलाय.

"तिकडची," मी म्हटलं. "साडेतीन मिळवा."

यांनी काटे फिरवत साडेसातवर आणले आणि खुंटी आत दाबली. घड्याळ मी हातात घातलं. पट्टा ढिला होता, तसाच घातला.

संध्याकाळभर मी त्या घड्याळात जगले. आता तिकडे जेवणाची वेळ झाली. आता दिवे मालवले असतील, दिवे असले तर. आता मध्यरात्र. फोन लागत नव्हताच. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पिठलं-भात आणून ठेवला होता. हे म्हणाले, दोन घास खा. पानं वाढली आणि आम्ही दोघं त्या पानांकडे बघत बसलो.

आणि फोन वाजला.

मीच उचलला. खरखर, मग लांबून कुठून तरी, "आई?"

देवाशपथ सांगते, काल दुपारपासून मी ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. बाळा म्हणणार होते, जे लहानपणीही फारसं म्हटलं नव्हतं. रागावले म्हणून माफी मागणार होते. पण माझी नजर मनगटावर गेली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"अरे, साडेबारा वाजून गेले तिकडे," मी म्हटलं. "झोपायचं सोडून फोन काय करत बसलायस?"

मग तो हसला की रडला, ते कळेना.

"आई," तो म्हणाला, "बरोबर मिळवलेस."

मी रिसीव्हर यांच्या हातात दिला.