चाल यल्लप्पा मास्तरांची

भर नाट्यगृहात 'वन्समोअर'च्या आरोळ्या चालू असताना उभं राहून 'नो मोअर' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे आप्पा. जुन्या काळी अशी पद्धत होती म्हणे. सत्तरच्या दशकात सोलापुरात ती एकट्या आप्पांनी चालू ठेवली होती. गायक उगाच ताना मारत बसला की मागच्या बाकांवरून त्यांचा आवाज यायचा. लोक हसायचे. आप्पा हसत नसत. "टाळ्या वाजवायला तिकीट काढलं का आपन? ऐकायला काढलं की!"

ते गिरणीत माग चालवत. घरात तेलुगू, गिरणीत सोलापुरी मराठी. नाटकातलं पद म्हणायला लागले की मात्र एकेक शब्द असा स्वच्छ उमटे, की हा दुसराच कुणी माणूस आहे असं वाटावं. मागांच्या खडखडाटामुळे त्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. मी ज्या वाचनालयात सहायक होतो तिथे 'शांतता राखा' अशी पाटी होती. आप्पा आले की ती पाटी निरुपयोगी होई.

ते वाचायचे फक्त जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं, आणि त्यांतलीही एकच गोष्ट. त्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ असे. 'चाल' असं लिहून पुढे, ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. कानडी गाणं असो, लावणी असो, भजन असो, घेणारा सांगून घेत असे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आप्पा त्या ओळींवरून बोट फिरवत आणि म्हणत, "घ्या की. पन सांगा."

यल्लप्पा मास्तर हे त्यांचे गुरू. त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. कामगारांच्या हौशी नाटक मंडळासाठी त्यांनी पदांना चाली लावल्या. त्यांतलं एक पद गंगाराम नावाचा कामगार गात असे. आवाज गोड, पण कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातली धूळ त्याच्या छातीत बसलेली. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला त्याचा दम पुरेना. मंडळातले लोक म्हणाले, दुसरा गडी घ्या. मास्तरांनी गडी बदलला नाही, चाल बदलली. ओळीतला एक शब्द मधेच तोडला आणि दोन मात्रांची जागा मोकळी सोडली. तेवढ्यात गंगाराम श्वास घेई आणि पुढचा अर्धा शब्द उचले. ते पद असलेल्या नाटकाच्या एका प्रयोगाला, फिरत्या नाटक कंपनीबरोबर गावात आलेला पुण्याचा एक तरुण पेटीवाला हौसेनं साथीला बसला होता. आप्पा शेजारीच झांजा वाजवत होते. पुढे गंगाराम गेला, मास्तर गेले, मंडळ मोडलं. पदांची हाताने लिहिलेली वहीही कुठे गेली कुणास ठाऊक.

तो पेटीवाला मात्र मोठा संगीतकार झाला. त्याचं नवं संगीत नाटक सोलापुरात आलं, रविवारी दुपारचा प्रयोग होता. मी आप्पांच्या शेजारी बसलो होतो. नायिकेनं पद सुरू केलं आणि आप्पांनी माझं मनगट धरलं. अंतरा आला. 'चांदण्यात' हा शब्द होता. बाई 'चांद' म्हणाल्या, थांबल्या, आणि मग 'ण्यात' म्हणाल्या. शब्द नवे होते, पण चाल तीच आणि तोडही तिथंच. नाट्यगृहभर वन्समोअर. आप्पा उभे राहिले. "नो मोअर! ही चाल आमच्या मास्तरांची हाय!" दारावरच्या दोघांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मी जागेवर बसून राहिलो. पद दुसऱ्यांदा झालं, तेही मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात हाच विषय. आमच्याकडे येणारे एक वकील त्या संगीतकारांचे भक्त. त्यांनी पुण्याच्या वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. त्यात परीक्षणकारानं त्या जागेला 'अर्थगर्भ विराम' म्हटलं होतं.

"ऐका आप्पा, काय लिहिलंय. नायिकेचं मन भरून येतं, म्हणून तिथं शब्द तुटतो."

"मन न्हाय वकीलसाहेब, छाती! छाती भरून यायची गंगारामची."

"अहो, एका रागात दोन चाली सारख्या वाटणारच. राग काय कुणाच्या बापाचा आहे?"

"राग न्हाय म्हनत मी. ती बाई चांगली धडधाकट हाय की. एका दमात चार ओळी म्हनते. मग नेमकी तितंच का थांबती? विचारा की तिला."

"पुरावा आहे? स्वरलिपी? छापील पुस्तक?"

"मी हाय की! मी झांजा वाजवत हुतो!"

वकील आमच्याकडे वळून म्हणाले, "जन्मभर मागांच्या खडखडाटात बसलेला माणूस आपल्याला सूर शिकवतोय." सगळे हसले. चोरी ओळखणारा एकटाच माणूस, आणि त्याचे कपडे बघून त्याचे कान ठरवले गेले.

आप्पांनी मला पत्र लिहायला सांगितलं. "सर, तुमी शिकलेले. संगीतकाराला लिवा. चाल यल्लप्पा मास्तरांनी गंगारामसाठी बांधली. तुमी चोरली. पुस्तकात पदावर नाव छापा. बास. पैसा नको, काय नको." मी लिहिलं. त्यांनी न वाचता खाली तेलुगूत सही केली.

महिन्याभरानं उत्तर आलं. 'आपल्यासारख्या चोखंदळ रसिकांमुळेच आम्हा कलावंतांना बळ मिळते.' सोबत त्यांचा सही केलेला फोटो. आप्पांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी काय लिवलं हुतं, सर?"

माझ्याकडे नक्कल होती, ती दिली. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. 'काही ठिकाणी साम्य जाणवते. आपण खुलासा केल्यास आनंद होईल.'

"चोरली, ह्यो शब्द कुटं हाय?"

"आप्पा, थोर माणसाला असं एकदम लिहिता येत नाही."

"बरं. गंगारामला दम लागत हुता, ते?"

तेही मी लिहिलेलं नव्हतं. पत्र लांबेल म्हणून गाळलं होतं.

आप्पा माझ्यावर ओरडले नाहीत. वाचनालयात त्यांना हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "त्यांनी नाव गाळलं सर, तुमी मानूस गाळला." त्यानंतरही कितीतरी वर्षं ते येत राहिले, पुस्तकं मागत राहिले, नमस्कार करत राहिले. मला काही लिहायला मात्र पुन्हा कधी सांगितलं नाही.

यंदा आप्पा गेले. गिरणी कधीच बंद पडली, वाचनालयातले तेव्हाचे लोकही उरले नाहीत, त्यामुळे शोकसभा झाली नाही. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्या संगीतकारांचं ते पद मात्र आजही स्पर्धांत गायलं जातं. परवाच एका गाण्याच्या वर्गात बाई मुलींना ती जागा शिकवत होत्या. इथं थांबा, इथं नायिकेचं मन भरून येतं. चांगल्या, निरोगी मुली शहाण्यासारख्या थांबत होत्या.

ते खोटं आहे. तिथं कार्डिंग खात्यातला गंगाराम श्वास घेत होता. ती चाल यल्लप्पा मास्तरांनी त्याच्यासाठी बांधली आणि त्या संगीतकारांनी ती चोरली. आप्पांनी सांगितलेलं पत्र एवढंच होतं.