पुसायच्या आधी

आमची वहिनी डॉक्टरांकडे निघायची ती लग्नाला निघाल्यासारखी. कडक इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून विंचरलेले केस, पायात चकचकीत चपला. हिला बघून डॉक्टर मनात म्हणत असणार, हिला कसला आलाय आजार. मीही तेच म्हणायचे, फक्त मनात नाही, तोंडावर.

आम्ही दोघी एकाच हॉटेलात कामाला. ती वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांची सुपरवायझर, मी तळघरात लाँड्रीत. तिच्या हाताखाली नऊ बायका, आणि त्या नऊजणी पाठीमागे तिला 'भिंग' म्हणायच्या, कारण उशीवरचा एक केसही तिला दारातून दिसायचा. खोलीत आधी कुणी राहून गेलंय याची खूणही उरता कामा नये, असा तिचा खाक्या.

पोटाचं दुखणं चार वर्षांचं. पोट फुगायचं, कळा यायच्या, दिवसातून सहा-सहा वेळा धावावं लागायचं. कुठेही गेली की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायची. वजन इतकं उतरलं की तिच्या घड्याळाच्या पट्ट्याला दादानं, म्हणजे माझ्या भावानं, दोनदा नवं भोक पाडून दिलं.

तीन डॉक्टर झाले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, तोंडातून नळी घालून आत बघून झालं. दरवेळी रिपोर्ट नॉर्मल. तिसऱ्यांनी तर फाईल मिटता मिटता सांगितलं, "ताई, तुम्ही फार विचार करता. कशात तरी मन रमवा." त्या दिवशी ती तिथून घरी गेलीच नाही. सुट्टी असताना हॉटेलात आली आणि अकरा खोल्यांचे पलंग एकटीनं आवरले, चादरींवर सुरकुती म्हणून नाही. तिचा राग असाच निघायचा. भांडी आपटणं तिच्या स्वभावात नाही, ते माझ्या आहे.

आणि मी काय केलं? संध्याकाळी तिला म्हणाले, "वहिनी, तीन-तीन डॉक्टर खोटं बोलतील का? मनाचे खेळ असतील तुझ्या." ती उशीचा अभ्रा नीट करत राहिली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग दोनशे चार नंबरच्या खोलीचं प्रकरण झालं. तिथल्या बाथरूमचं छत गळतं अशी पाहुण्यांची तक्रार होती, आणि प्लंबर तीनदा येऊन हात हलवत परत गेला होता. मी टॉवेल घेऊन वर गेले तेव्हा तो चौथ्यांदा बाहेर पडत होता, वैतागून.

"गळती-बिळती काही नाही हो. ठणठणीत कोरडं आहे. लोकांना भास होतात."

तो गेला. सफाईची नवी मुलगी कोपऱ्यात उभी होती. ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, "मी रोज पुसून घेते ना, ते यायच्या आधी. असला पसारा कसा दाखवायचा त्यांना?"

पलंगाची चादर तपासत असलेल्या वहिनीचा पारा चढला. "अगं, त्याला जे दाखवायचं तेच तू पुसून टाकतेस? मग तो काय शोधणार, कपाळ? आधी दाखवायचं, मग..."

आणि ती मध्येच थांबली. पाहुण्याच्या पलंगावर बसली, जे तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"मोठ्या डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांनी मिळते," ती मला म्हणाली. "त्या दोन महिन्यांत मी काय खाते?"

मला पाठ होतं. मऊ भात आणि उकडलेल्या भाज्या. ऐन तपासणीच्या दिवशी रांगेत कळ येऊन फजिती नको, म्हणून ब्रेड, बिस्किटं, गव्हाचं सगळंच बंद. त्यात तिला बरंही वाटायचं. मग रिपोर्ट नॉर्मल यायचा, डॉक्टर म्हणायचे आता सगळं खा, ही खायची आणि पुन्हा आडवी.

"मीपण पुसूनच जातेय," वहिनी म्हणाली.

चौथ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आधी कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणी विचारलं नाही."

बाईंनी समजावलं. आतड्याला गहू सोसत नसेल, तर गहू पोटात जात असतानाच ते तपासणीत नीट दिसतं. तेव्हा सहा आठवडे रोज चार स्लाइस ब्रेड खायचा आणि मग यायचं. "त्रास होईल," त्या म्हणाल्या.

"तो होतोच आहे."

दादाही सोबत म्हणून शेजारी बसून चार स्लाइस खायचा. त्याचं वजन तीन किलोंनी वाढलं. वहिनीचं मात्र उतरतच होतं. चौथ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले, तर ती बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. माझं डोकं फिरलं. ब्रेडचं पाकीट उचलून मी कपाटावर फेकलं.

"बस्स झालं. खड्ड्यात गेली ती तपासणी."

वहिनी भिंतीला धरून उठली. "ब्रेड आण."

"हात जोडते, वहिनी."

"दोन आठवडे राहिलेत. आज सोडलं तर ते पुन्हा नॉर्मल म्हणतील. आणि तू पुन्हा मनाचे खेळ म्हणशील."

इतक्या दिवसांत ते वाक्य तिनं पहिल्यांदा बाहेर काढलं. मी स्टूल घेतलं, पाकीट खाली काढलं. बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून तिनं राहिलेल्या दोन स्लाइस एकेक घास करत संपवल्या. मी मात्र साधी डोकेदुखी झाली तरी घर डोक्यावर घेते. ही बाई आमच्या घरची आहे याचा मला इतका अभिमान वाटला की तिच्याकडे बघवेना.

तपासणीच्या दिवशी निघताना मी कंगवा पुढे केला. "राहू दे," ती म्हणाली. चुरगळलेले कपडे, विस्कटलेले केस, डोळ्यांखाली काळं. डॉक्टर बाई तिला बघून म्हणाल्या, "बऱ्याच आजारी दिसताय तुम्ही." वहिनी चक्क हसली. चार वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.

दहा दिवसांनी ती लाँड्रीत आली. पाठोपाठ तिच्या नऊजणी. माझ्या इस्त्रीच्या टेबलावर तिनं एक कागद ठेवला.

"वाच. मोठ्यानं."

मी मशीन बंद केलं आणि वाचलं. सीलिॲक नावाचा आजार. गव्हातल्या एका घटकामुळे आतड्याच्या अस्तराला इजा. गहू कायमचा बंद. तिच्या रक्तात सापडलं होतं, नळीनं काढलेल्या आतड्याच्या तुकड्यातही सापडलं होतं. मनाचा उल्लेख कुठेही नव्हता.

"पुन्हा वाच," वहिनी म्हणाली.

दुसऱ्यांदा वाचताना मला अक्षरं दिसेनात. मी शेजारचा टॉवेल डोळ्यांकडे नेला, तर तिनं माझा हात धरला.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "दिसू दे."

मग मी तसंच वाचलं.